आखाड्याआधी घर

वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर करून वऱ्हाडाचे नाव जगापुढे नेले असले, तरी व्यायामाची गोडी मुलाला आखाड्यात जाण्याच्या वयाआधी, घरातच लागावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी, त्यांपैकी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र, म्हणजे श्वास जलद होऊन अंग तापेल अशी असावी, आणि पडद्यासमोरची बैठक तासाभरापलीकडे जाऊ नये. अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात पोहोचत असल्याने पळापळीचे खेळ ऊन चढण्याआधी किंवा दिवेलागणीला ठेवावे लागतात; दुपारी मात्र कूलरपुढे मुलाच्या हाती मोबाइल देण्याऐवजी फरशीवर खडूने चौकटी आखून बेडूकउड्या मारता येतात, खाटेखालून रांगण्याची शर्यतही लावता येते. या वयाचे शिक्षण बरेचसे अनुकरणातून, म्हणजे मोठ्यांचे पाहून तसेच करण्यातून होत असल्यामुळे, ‘जा, खेळ’ असे फर्मावणाऱ्या पालकापेक्षा पदर खोचून किंवा बाह्या सारून सोबत उड्या मारणारा पालकच मुलाला हलते ठेवतो; अंगणवाडीचे काही तास घरच्या या खेळाला पूरक ठरतात, पर्याय नव्हे.