विधी साहाय्यकाचा व्यवसाय : पायरी की मुक्काम?

पदवी परीक्षांचे निकाल लागले की बेताच्या उत्पन्नाच्या घरांतून एकच प्रश्न दरवर्षी नव्याने उपस्थित होतो : पुढे काय? कला व वाणिज्य शाखांच्या पदवीधरांपुढे या प्रश्नाचे एक उत्तर अलीकडे आग्रहाने मांडले जाते. वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम पुरा करावा आणि ‘पॅरालीगल’, म्हणजे विधी साहाय्यक, व्हावे. वकिलीच्या पदवीची तीन वर्षे वाचतात, कायद्याच्या क्षेत्रात प्रवेश मिळतो आणि मिळकतही लवकर सुरू होते, असा हा हिशेब आहे. तो वरवर बिनतोड वाटत असला, तरी त्यातील एक रकाना कोराच ठेवलेला असतो.

विधी साहाय्यकाच्या कामाची गरज नाही, असे कोणीही म्हणणार नाही. वारसनोंदीसाठी तलाठ्याच्या दारी खेटे घालणारी विधवा, पोटगीचा अर्ज कोठे द्यावा हे न कळणारी परित्यक्ता, जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी कोठडीत राहिलेला कच्चा कैदी, या सर्वांना प्रथम हवा असतो तो निष्णात कायदेपंडित नव्हे, तर कागद वाचून दाखवणारा, अर्ज लिहून देणारा आणि योग्य खिडकीपाशी नेऊन उभा करणारा जाणता माणूस. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने 39-अ हा अनुच्छेद घालून मोफत कायदेविषयक साहाय्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकली. 1987 चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1995 मध्ये अंमलात आला आणि 2009 मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने विधी स्वयंसेवकांची योजना आखली. तुरुंग, पोलीस ठाणी, बाल न्याय मंडळे आणि गावपातळीवरील साहाय्य केंद्रे येथे हे स्वयंसेवक काम करतात.

परंतु ‘स्वयंसेवक’ हा शब्दच पुरेसा बोलका आहे. त्यांना मिळते ते प्रत्यक्ष कामाच्या दिवसांपुरते मानधन; तो पगार नव्हे. त्यामागे वेतनश्रेणी नाही, रजा नाही, निवृत्तिवेतनही नाही. सेवाभावाने काही काळ करावयाचे काम म्हणून ते निःसंशय आदरणीय आहे. तथापि ज्याच्या कमाईवर घरची चूल अवलंबून आहे, त्याने मानधनाला उपजीविका समजणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक करून घेणे होय.

दुसरी वाट खाजगी क्षेत्राची. वकिलांच्या कचेऱ्या, बँका व कंपन्यांचे विधी विभाग, परदेशी कायदेसंस्थांची कामे येथे बसून करून देणाऱ्या संस्था यांना साहाय्यक लागतात, हे खरे. मात्र 1961 च्या अधिवक्ता अधिनियमाने व्यवसायाभोवती घातलेली भिंत येथे आड येते. न्यायालयात वकिली करण्याचा अधिकार सनदधारक अधिवक्त्याचाच. विनापरवाना वकिली करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. त्या भिंतीच्या अलीकडे विधी साहाय्यक नावाचा वेगळा, कायद्याने मान्य केलेला वर्ग या अधिनियमात नाही. अमेरिकेत हा व्यवसाय गेल्या अर्धशतकात स्थिरावला, म्हणून तेथील वर्णन येथे जसेच्या तसे लागू करणे अनाठायी आहे. आपल्याकडे हेच काम वकिलांचे कारकून पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. फायलींची व्यवस्था, तारखांची नोंद, नकलांचे अर्ज ही सारी ओझी त्यांनी वाहिली. परंतु वीस वर्षांच्या अनुभवानंतरही त्यांना पदवीच्या अभ्यासक्रमातील एका सत्राचीसुद्धा सूट मिळत नाही. केरळने 2003 मध्ये वकिलांच्या कारकुनांसाठी कल्याण निधीचा कायदा केला. अशी तरतूद मुद्दाम करावी लागली, यातूनच या वर्गाच्या असुरक्षिततेची कल्पना यावी.

आता त्या कोऱ्या रकान्याकडे वळू. अर्थशास्त्रात ज्यास संधी खर्च म्हणतात, तो केवळ आज सोडलेल्या उत्पन्नाचा नसतो, तर उद्या बंद होणाऱ्या वाटेचाही असतो. तीन वर्षांच्या पदवीचा खर्च डोळ्यांसमोर दिसतो. सनदेवाचून गाठावयाच्या छताची किंमत मात्र दहा वर्षांनी कळते. त्यातच करारांचे प्राथमिक वाचन, मसुद्यांची जुळणी, निवाड्यांचा शोध ही साहाय्यकाची नेहमीची कामे आता संगणकीय प्रणाली करू लागल्या आहेत. ज्या कामात निव्वळ पुनरावृत्ती आहे, त्याचे मोल घटणार हे उघड आहे. टिकेल ते माणसाशी बोलण्याचे, त्याची अडचण समजून घेण्याचे काम. आणि नेमके त्याच कामाला आज पगार नाही.

याचा अर्थ या वाटेने जाऊच नये, असा नाही. नोकरी प्रथम हाती असेल, पदविकेचे शुल्क परवडणारे असेल आणि पुढे विधी पदवी घेण्याचा निश्चय असेल, तर एक-दोन वर्षांचा हा अनुभव कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक शिकवील. प्रवेश घेण्यापूर्वी विद्यार्थ्याने संस्थेला एवढेच विचारावे : मागील तुकडीतील किती जण कोठे, किती वेतनावर लागले? उत्तरात आकडे नसतील, तर प्रवेश अर्ज भरू नये.

परंतु सारा विवेक एकवीस-बावीस वर्षांच्या तरुणाकडूनच अपेक्षिणे न्याय्य नव्हे. न्याय दारोदार पोहोचावा, असे राज्यसंस्थेस खरोखरच वाटत असेल, तर तालुक्या-तालुक्यांत पगारी विधी साहाय्यकांची पदे निर्माण केली पाहिजेत आणि त्यांच्या अनुभवास विधी शिक्षणात काही मोल दिले पाहिजे. गरिबाला न्याय मोफत मिळावा हे घटनेचे वचन आहे. तो मिळवून देणाऱ्याने अर्धपोटी राबावे, असे घटनेने कोठेही म्हटलेले नाही.