टी-पेशीला दोन होकार लागतात

मुंबईच्या आयआयटीत ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ‘नेक्सकार १९’ या पहिल्या भारतीय कार-टी उपचाराचे लोकार्पण झाले. आयआयटी आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या संशोधनातून आलेला हा उपचार बी-पेशींच्या काही रक्तकर्करोगांत, नेहमीची औषधे निष्प्रभ ठरल्यावर दिला जातो. तो समजण्यासाठी आधी टी-पेशी जागी कशी होते, ते पाहावे लागेल.

टी-पेशीच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर, म्हणजे ग्राही, इतर पेशींनी बाहेर मांडलेले प्रथिनांचे तुकडे तपासतो. परका तुकडा ओळखला की ग्राहीला जोडलेल्या सीडी-३ साखळ्यांच्या आतल्या टोकांना एलसीके हे विकर फॉस्फेट जोडते. तेथे झॅप-७० हे दुसरे विकर येऊन बसते, पेशीत कॅल्शियम वाढते आणि केंद्रकातली जनुके कामाला लागतात. पण एवढ्याने भागत नाही. सीडी-२८ या दुसऱ्या ग्राहीकडूनही होकार यावा लागतो. नाहीतर पेशी थंड पडते. आपल्याच शरीरावर हल्ला होऊ नये, म्हणून ही खबरदारी.

कर्करोगाच्या पेशी याचाच फायदा घेतात. अनेकदा त्या तुकडा दाखवत नाहीत किंवा दुसरा होकार मिळू देत नाहीत. म्हणून रुग्णाच्याच टी-पेशी काढून त्यांत कृत्रिम ग्राहीचे जनुक घालतात. या ग्राहीचे बाहेरचे टोक बी-पेशींवरचे सीडी-१९ थेट ओळखते, तर आतल्या भागात दोन्ही संदेश एकत्र जोडलेले असतात.

संदेश अतिरेकी झाला तर काय होते, हे २००६ मध्ये लंडनला दिसले. सीडी-२८ला थेट चेतवणारे टीजीएन १४१२ हे औषध मिळालेले सहाही निरोगी स्वयंसेवक काही तासांत अत्यवस्थ झाले. कार-टीनंतरही तीव्र ताप येऊ शकतो, रक्तदाब कोसळू शकतो. त्यामुळे अतिदक्षता विभाग आणि टोसिलिझुमॅब हाताशी हवे.

परदेशाच्या तुलनेत येथील खर्च सुमारे एक दशांश असल्याचे लोकार्पणावेळी सांगण्यात आले. तरीही तो लाखांच्या घरात आहे आणि केंद्रे मोजक्याच शहरांत. शिवाय केमोथेरपीच्या फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या की रुग्णाच्या टी-पेशी कमी आणि दुबळ्या होतात. उपचाराचा कच्चा माल तर त्याच. म्हणूनच आजार उलटताच जिल्ह्याच्या रुग्णालयातून रुग्ण मोठ्या केंद्राकडे वेळेत पाठवणे आणि त्याच्या खर्चाची सोय सरकारी योजनेतून होणे, या दोन गोष्टींवर या शोधाचे खरे यश ठरेल.