पुसून टाकू का?

२०२५ चा दसरा गुरुवारी आला. आईने दरवर्षीप्रमाणे माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, झाकणावर झेंडूचं फूल ठेवलं, कीबोर्डवर आपट्याचं पान. शुक्रवारी दुपारी चार वाजता तो लॅपटॉप बंद पडला.

पडला म्हणजे बिघडला नाही. पाडला. एचआरच्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला, अकरा मिनिटं चालला, त्यात 'रिस्ट्रक्चरिंग' हा शब्द सहा वेळा आला. कॉल संपल्यावर चहा करून परत येते तो स्क्रीनवर पासवर्ड मागणारी नवी चौकट. माझा पासवर्ड ती घेईना. चार वर्षांत पहिल्यांदाच मी माझ्याच टेबलावर परकी.

आत काय काय होतं? बायोडेटाची ताजी कॉपी. इन्कम टॅक्सची रिटर्न्स. दोन ट्रिपांचे फोटो, जे फोनमधून जागा करायला म्हणून तिकडे हलवले होते. ऑफिसच्या मशीनवर आपलं काही ठेवू नये, हे मला माहीत होतं. तुम्हालाही आहे. पण खरं सांगा, तुमच्या लॅपटॉपवर 'पर्सनल' नावाचं फोल्डर आहे की नाही?

सोमवारी कुरिअरवाला खोकं घेऊन आला. मी झेंडूचं वाळलेलं फूल काढून घेतलं आणि लॅपटॉप दिला. त्याने चार्जर आठवणीने मागून घेतला.

आठवड्याभरात एका मैत्रिणीने शब्द टाकला आणि इंटरव्ह्यू ठरला. सोमवार, १३ ऑक्टोबर, सकाळी अकरा. स्क्रीन शेअर करून टेस्ट द्यायची, म्हणजे फोनवर भागणार नव्हतं. नवा लॅपटॉप घ्यायचा तर पन्नास हजार, आणि पगार शून्य. मग मी पुण्याला इंजिनीअरिंग करणाऱ्या मामेभावाला फोन लावला.

"ताई, असेंबल कर," तो म्हणाला. जणू पोहे कर म्हणतोय.

असेंबल हा शब्द मी बऱ्याच वर्षांनी ऐकला. आमच्या लहानपणी प्रत्येक सोसायटीत एक 'कॉम्प्युटरवाला दादा' असायचा. तो स्कूटरवरून सुटे भाग आणायचा, दुपारभर जोडाजोडी करायचा, मग सीड्यांच्या पाउचमधून एक सीडी काढून विंडोज टाकायचा. आम्ही लांब उभे. हात लावायचा नाही! आई त्याला दोनदा चहा द्यायची. तो गेल्यावर कॉम्प्युटरवर प्लास्टिकचं कव्हर चढायचं. कॉम्प्युटर आमचा, पण आत काय आहे ते फक्त दादाला ठाऊक.

पण लॅपटॉप कसा असेंबल करतात? अमेरिकेत फ्रेमवर्क नावाची कंपनी २०२१ पासून असे लॅपटॉप विकतेय, ज्यांत रॅम आणि डिस्क आपण बसवायची आणि सिस्टिमही आपणच टाकायची. आपल्याकडची रीत वेगळी. मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप बाजारात येतात. नुसता सांगाडा मिळतो, म्हणजे स्क्रीन, कीबोर्ड, मदरबोर्ड आणि त्यावर आधीच डकवलेला प्रोसेसर. बाकीचं आपण जमवायचं.

शनिवारी ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण सगळ्यांच्या तोंडी अजून तोच मुंबईचा जुना गव्हर्नर. २०१७ सालचा एक सांगाडा मिळाला, वरच्या झाकणावर कुणाच्या तरी कंपनीचा स्टिकर खरवडल्याची खूण. ८ जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबीची नवी एसएसडी, नवी बॅटरी आणि जुनी हार्ड डिस्क यूएसबीला जोडायची एक केस. सगळं मिळून २१ हजारांच्या आत.

"मॅडम, विंडोज डाल के दूँ? तीनसौ एक्स्ट्रा," दुकानदार म्हणाला.

मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण भावाने आधीच बजावलं होतं. तीनशे रुपयांत लायसन्स येत नाही. येते ती कुलूप तोडलेली कॉपी, आणि कुलूप तोडणाऱ्या प्रोग्रॅमने आणखी काय काय आत आणून ठेवलंय ते आपल्याला कळत नाही. त्याच मशीनवर उद्या बँकेचा पासवर्ड टाकायचा असतो. शिवाय विंडोज १० चा मोफत सपोर्ट तीनच दिवसांनी, १४ ऑक्टोबरला संपणार होता. विंडोज ११ ची इंटेलसाठीची अधिकृत यादी मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीच्या प्रोसेसरपासून सुरू होते. माझा सातव्या पिढीचा. म्हणजे चांगला धडधाकट माणूस, पण वयाच्या अटीत बाद. ही भावना माझ्या चांगलीच ओळखीची झाली होती त्या आठवड्यात.

शनिवारी रात्री जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसले. भाऊ फोनच्या स्पीकरवर. मागचं झाकण काढलं, आधी आतल्या बॅटरीची पिन सोडवली. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून खिडकीच्या गजाला हात लावून आले. एसएसडी खाचेत सरकवली. रॅमची पट्टी तिरकी आत घालायची आणि मग खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक्कन बसल्या पाहिजेत. मला वाटलं बसल्या. झाकण लावलं, बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळी. एकवीस हजार गेले!

"रॅम परत बसव," भाऊ म्हणाला, "आणि जरा जोर लाव. तुटत नाही."

परत झाकण, परत सगळे स्क्रू. या वेळी टक्क आवाज नीट आला. स्क्रीन उजळली आणि एक ओळ उमटली. बूट करण्याजोगं काही सापडलं नाही. म्हणजे देह आहे, प्राण नाही. कोरी पाटी. मी मात्र इतकी खूश झाले की बाबांना झोपेतून उठवून ती ओळ दाखवली.

रविवारी प्राणप्रतिष्ठा. भावाच्या सांगण्यावरून लिनक्स मिंट टाकायचं ठरवलं. लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने लिहायला घेतला. तो कुणालाही फुकट वापरता येतो, म्हणून त्याभोवती शेकडो प्रकारच्या सिस्टिम्स उभ्या राहिल्या. मिंट त्यातली नवशिक्यांना सोपी. हिच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं. २००६ च्या पहिलीचं एडा, मी घेतलेल्या २२.२ चं झारा. मला ते जाम आवडलं.

शेजारच्या काकांच्या पीसीवर जवळपास तीन जीबीची फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर कॉपी केली आणि घरी आले. लॅपटॉप ढिम्म. पुन्हा फोन. "अगं कॉपी नाही करायची, लिहायची!" फाइल नुसती टाकली तर ती मशीनला सामानासारखी दिसते. रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने ती पेन ड्राइव्हवर 'लिहिली' की मग तिच्यावरून मशीन सुरू होतं. काकांकडे दुसरी फेरी, दुसरा चहा. लॅपटॉप चालू करताना बूट मेनूचं बटण दाबून पेन ड्राइव्ह निवडला आणि झारा आली!

यातली मस्त गोष्ट अशी की सिस्टिम आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येते. डिस्कला धक्का लागत नाही. आवाज आला, कॅमेऱ्यात माझे विस्कटलेले केस दिसले, वाय-फाय मात्र गायब. सांगाड्यातल्या वाय-फाय कार्डाचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागणार होता, आणि तो उतरवायला हवं इंटरनेट. घ्या! घराची किल्ली घरात. यावर तोडगा साधा निघाला. फोन यूएसबी वायरने जोडायचा, टेदरिंग चालू करायचं, लॅपटॉपला वाटतं वायरचं नेट आलं.

तेवढ्यात मला सुचलं की बाबांच्या जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क कपाटात पडून आहे. तिच्यात माझा २०१९ चा बायोडेटा असणार. नव्या केसमध्ये घालून जोडली. बायोडेटा सापडला. त्याच्या शेजारच्या फोल्डरमध्ये आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा व्हिडिओ होता. आजी आता नाही. व्हिडिओची दुसरी कॉपी नाही. दोन मिनिटं बघितला, डोळे पुसले आणि 'इन्स्टॉल'वर क्लिक केलं. डिस्क जोडलेलीच.

भाषा, कीबोर्ड, पुढे, पुढे. मग तो स्क्रीन आला. डिस्क पुसा आणि लिनक्स मिंट इन्स्टॉल करा. खाली इशारा, की यात तुमचे सगळे प्रोग्रॅम, कागदपत्रं, फोटो, गाणी जातील. म्हटलं जाऊ दे, डिस्क कोरीच आहे. खालच्या यादीत 'एसडीए', 'एसडीबी' असली नावं होती. दोन डिस्क, दोन्ही ५००.१ जीबी. मी एक निवडली आणि पुढचं बटण दाबलं.

एक छोटी चौकट आली. अमुक डिस्कवर बदल लिहिले जातील, पुढे जायचं का? मागे की पुढे?

एरवी मी असल्या चौकटी वाचत नाही. आपण कुणीच वाचत नाही. 'आय अॅग्री' दाबून दाबून अंगठ्याला सवय झालीय. पण आठ दिवसांपूर्वी एका चौकटीने माझी चार वर्षं गिळली होती, म्हणून हात थांबला. दोन्ही डिस्क सारख्याच मापाच्या कशा? ५०० जीबीची नवी एसएसडी आणि ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क. आणि एसडीए, एसडीबी ही काही कायमची नावं नव्हेत. मशीनला ज्या क्रमाने डिस्क सापडतील त्या क्रमाने ती मिळतात. मग मी निवडलेली कुठली?

मागे आले. इन्स्टॉलर बंद केला, जुनी डिस्क रीतसर इजेक्ट करून वायर काढली आणि पुन्हा सुरुवात केली. यादीत आता एकच डिस्क होती. आणि तिचं नाव मी मघाशी निवडलेलं नव्हतं.

मी उठले, स्वयंपाकघरात जाऊन भांडंभर पाणी प्यायले. आईने विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही.

त्यानंतरचं इन्स्टॉलेशन पंधरा-वीस मिनिटांत झालं. टाइम झोनमध्ये मुंबई नसते, अख्ख्या देशाने कोलकाता निवडायचं असतं, एवढीच काय ती करमणूक. पेन ड्राइव्ह काढून रिस्टार्ट केलं, वाय-फायचा ड्रायव्हर घातला आणि आधी आजीचा व्हिडिओ नव्या डिस्कवर कॉपी केला. मग आणखी एक कॉपी पेन ड्राइव्हवर. रात्री साडेअकराला भावाला मेसेज टाकला, 'झालं'. त्याचं उत्तर आलं, 'पार्टी?'

सोमवारचा इंटरव्ह्यू चाळीस मिनिटं चालला. कॅमेरा, माइक, स्क्रीन शेअरिंग, सगळं गुण्यागोविंदाने नांदलं. नोकरी तिथे लागली नाही, ती डिसेंबरमध्ये दुसरीकडे लागली. म्हणजे झाराचा काही दोष नाही.

तर मंडळी, तुम्ही लगेच लॅमिंग्टन रोडला धावा असं मी म्हणत नाही. पण कधी सिस्टिम टाकायची वेळ आलीच तर एवढं करा. आधी ज्या डिस्कवर टाकायचं नाही ती प्रत्येक डिस्क काढून ठेवा. फोटोंच्या दोन कॉप्या करा, त्यातली एक घरातल्या कपाटात. आणि चौकट आली की वाचा.

स्वतःचं मशीन म्हणजे स्वातंत्र्य वगैरे, असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, ते जरा वेगळं आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवरचं माझं सगळं पुसलं गेलं तेव्हा मला कुणी विचारलंच नाही. या मोडक्यातोडक्या सांगाड्याने मात्र मला विचारलं, पुसून टाकू का? आणि मी चुकीचं उत्तर दिलं असतं तर त्याने तेही मुकाट्याने ऐकलं असतं. वाचवायला आयटी डिपार्टमेंट नाही, स्कूटरवरचा दादा नाही. जे जाईल ते माझ्या हाताने जाईल.

नव्या कंपनीचा लॅपटॉप कुरिअरने आला. चकचकीत आहे, पाठीवर नंबराचा स्टिकर आहे. त्याच्यावर माझं एकही फोल्डर नाही. संध्याकाळी तो बंद करते आणि दुसरा उघडते, ज्याचं झाकण नीट बसत नाही आणि ज्याच्या मागचा एक स्क्रू त्या रात्रीपासून सापडलेला नाही. आईने परवा विचारलं, पुढच्या दसऱ्याला पूजा कुठल्याची करायची?

म्हटलं, ज्याचे स्क्रू मोजता येतात त्याची.