सीटीनंतरचा फोन कोण करणार?

वर्षानुवर्षे भरपूर धूम्रपान केलेल्यांचे कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने स्क्रीनिंग केले, तर छातीच्या एक्स-रेच्या तुलनेत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटतात, असे २०११ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीने दाखवले. पण तिथेच सीटीत संशयास्पद ठरलेल्या निष्कर्षांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक कर्करोगाचे नव्हते. आपल्याकडे तर क्षयाचे जुने व्रणही फसवतात. ‘डाग आहे, सहा महिन्यांनी या’ एवढेच ऐकून गेलेला माणूस एकतर झोप घालवून बसतो, नाहीतर परत येतच नाही.

त्याला डागाचा अर्थ समजावणे, तारखेआधी फोन करणे, बायोप्सी लागलीच तर केसपेपर, रांगा, योजनेची कागदपत्रे यांतून पार नेणे, हे नेव्हिगेटरचे काम. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये ते स्तनाच्या कर्करोगासाठी सुरू केले. मुंबईच्या टाटा मेमोरियलने अशा प्रशिक्षित मदतनिसांना ‘केवट’ हे समर्पक नाव दिले आहे.

सरकारी ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरला हे जमत नाही. यंत्राच्या उद्घाटनाला फीत कापता येते, फोन करणाऱ्याच्या पदाला नाही! स्क्रीनिंग सुरू करायचेच असेल, तर नेव्हिगेटरची पदे सीटी यंत्राच्याच प्रस्तावात मंजूर करावीत.