जेवलीस का गं?

मैत्रिणींनो, आमच्या पडेगावात हल्ली एका घरातून चिनी बोल ऐकू येतात! शेजारच्या काकूंचा मुलगा नोकरीसाठी चीनला गेला, मागोमाग सूनबाईही. महिन्याभरातच तिचा रडवेला फोन, "आई, जिन्यात भेटणारी आजी रोज विचारते, जेवलीस का? हिला काय करायचंय?" एकदा तिनं रागानं 'नाही' म्हटलं, तर आजी वाफाळता वाडगाच घेऊन दारात!

काकूंना हसू आवरेना. आपण तरी दुपारी शेजारणीला निराळं काय विचारतो?

त्यांचा तो शब्द 'छ्र', म्हणजे खाणे. जीभ टाळूकडे वळवून म्हणायचा. 'छ्र ल मा?' म्हणजे 'जेवलात का?' जुन्या माणसांचा तो नमस्कारच. 'छ्र ल', जेवले, एवढंच उत्तर पुरे. भाजी कोणती ते सांगत बसू नये! तरुण मंडळी मात्र आता 'नी हाव' म्हणतात.

'छ्र फान' म्हणजे शब्दशः भात खाणे, पण पानात शेवया असल्या तरी तेच जेवण. औषधही ते खातात, पेज मात्र पितात. आपण बोलणी खातो, भाव खातो; ते नुकसान खातात. आणि नवराबायकोतला मत्सर म्हणजे 'छ्र त्सू', चक्क व्हिनेगर खाणे! गोष्ट अशी सांगतात की, थांग घराण्याच्या सम्राटानं एका मंत्र्याच्या बायकोला दटावलं, नवऱ्याला दुसरी करू दे, नाहीतर हे विष पी. बाईनं पेला घटाघटा रिकामा केला. आत निघालं व्हिनेगर! मला तरी ही बाई फार आवडली.

'छ्र खू' म्हणजे कडू खाणे, हालअपेष्टा सोसणे. हा शब्द ऐकला की क्वो छिंगलान आठवतात. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथली भाषा बोलायला-लिहायला शिकले. १९४१ साली या परिचारिकेशी त्यांचं लग्न झालं. ९ डिसेंबर १९४२ रोजी डॉक्टर तिथंच वारले, तेव्हा मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता. त्याचं नाव यिनह्वा. 'यिन' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन. तो मुलगाही १९६७ साली गेला. त्या माउलीनं किती कडू खाल्लं असेल!

आता काकू फोनवर आधी 'छ्र ल मा?' विचारतात. परवा सूनबाई पटकन म्हणाली, 'छ्र ल.' काकूंना आवाज काही बरा वाटेना. त्यांनी मराठीत विचारलं, "खरं सांग, जेवलीस का गं?" तेव्हा कुठे पोर बोलती झाली.