संशोधन आहे, ते वाचणारे खाते नाही

२९ जून हा संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्मदिवस २००७ पासून सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. व्याख्याने होतात, आकडेवारीचे महत्त्व सांगितले जाते. त्या आकड्यांवर उभे राहिलेले संशोधन राज्यकारभारात कुठवर पोहोचते, हे मात्र त्या दिवशीही कोणी विचारत नाही.

महाराष्ट्राने तरी विचारायला हवे. महालनोबिसांच्या पुढाकाराने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिचे १९६०-६१ चे आकडे घेऊन पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दारिद्र्याचा हिशेब मांडला. रोज २,२५० उष्मांकांचे अन्न मिळायचे तर माणशी महिन्याला खेड्यात १५ आणि शहरात साडेबावीस रुपये लागत. तेवढाही खर्च न झेपणारे लोक खेड्यांत सुमारे ४० टक्के आणि शहरांत सुमारे ५० टक्के निघाले. जमिनीचे फेरवाटप सगळ्यांना पुरणार नाही, हाताला कामच द्यावे लागेल, असे त्यांनी १९७१ मध्ये स्वच्छ लिहिले. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. रोजगार हमी उभी राहिली ती त्या दुष्काळाच्या रेट्यातून आणि विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या चिवट पाठपुराव्यातून. एका अभ्यासातून कायदा जन्मला, असे म्हणणे खोटे ठरेल. पण कामाचा हक्क मागणाऱ्यांच्या हाती हिशेब तयार होता. १९७७ मध्ये कायदा झाला, तो १९७९ मध्ये अमलात आला आणि १९८० मध्ये कुमुदिनी दांडेकर व मंजू साठे यांनी या कामांवर कोण येते, घरात किती मिळकत जाते, याची तपासणी छापलीसुद्धा. पाहणी, विश्लेषण, कायदा आणि पुन्हा पाहणी असा तो क्रम होता.

आज तो क्रम तुटला आहे, आणि संशोधन कमी पडते म्हणून नव्हे. कुठलाही शासन निर्णय उघडून पाहा. आरंभीच्या संदर्भांत आधीचे शासन निर्णय असतात, केंद्राची पत्रे असतात, बैठकांची इतिवृत्ते असतात. त्या विषयावर छापून आलेला एखादा अभ्यास तिथे क्वचितच सापडतो. टिप्पणी लिहिणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. चार दिवसांत नस्ती वर पाठवायची असताना चाळीस निबंध तो कधी वाचणार?

शेतकरी आत्महत्यांचेच घ्या. उच्च न्यायालयासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ मध्ये अहवाल दिला. राज्य सरकारसाठी इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने २००६ मध्ये दिला. त्याच वर्षी नियोजन आयोगाचे पथक विदर्भात फिरून गेले. त्यानंतरही अभ्यास होतच राहिले. कर्ज, नापिकी, सिंचनाचा अभाव ही कारणे सुटी येत नाहीत, एकाच घरात एकमेकांत गुंतून येतात, हे त्यांत वारंवार दिसते. तरी जिल्ह्याची समिती प्रत्येक मृत्यूला ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरवते आणि मदत त्यावर अडते. हे सगळे अहवाल शेजारी ठेवून कोणते निष्कर्ष भक्कम, कोणते कच्चे आणि कोणते एकाच तालुक्यापुरते, हे सांगणे आज कोणाच्याही कामात मोडत नाही. नवा प्रसंग आला की नवी समिती नेमली जाते.

संशोधन निवडून, तोलून एकत्र मांडणे हे गोळा करण्यापेक्षा अवघड काम आहे. सूक्ष्म कर्जाने गरिबी हटते, असे एकेकाळी जगभर छातीठोकपणे सांगितले जाई. २०१५ मध्ये हैदराबादच्या अभ्यासासह सहा देशांतील सहा अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. काही कुटुंबांचा धंदा वाढला, पण सरासरी कुटुंबाचे उत्पन्न ठळकपणे वाढल्याचे दिसले नाही. एकेका यशोगाथेवरून हे कळले नसते. पण आपले बचत गट म्हणजे ती कर्जे नव्हेत. तिथे बायका आधी स्वतःची बचत करतात, दर महिन्याला बसतात, बोलतात. म्हणून तो निष्कर्ष गटांना जसाच्या तसा लावणेही चूक. हा विवेक कोणत्याही शोधयंत्राकडून मिळणार नाही. त्याला विषय जाणणारी आणि गाव पाहिलेली माणसे लागतात.

आणि त्यांना आकडे लागतात. २०१७-१८ च्या उपभोग खर्च पाहणीचे निष्कर्ष सरकारने प्रसिद्ध केले नाहीत, २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. दांडेकर-रथांना जे साधन मिळाले, ते त्यांच्या पुढच्या पिढीला नाकारणे अक्षम्य आहे.

राज्याने सुरुवात लहान करावी. विद्यापीठे आणि संशोधन संस्थांकडे एकेक विषय सोपवावा: आत्महत्या, ऊसतोड कामगारांची मुले, पोषण आहार. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात पडून असलेले मराठी प्रबंधही त्यात घ्यावेत. दरवर्षी मराठीत वीस पानांचा आढावा निघावा, विरोधी निष्कर्ष न लपवता; तो जिल्हाधिकाऱ्यांपासून ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचावा. मंत्रालयाने शिफारस नाकारायलाही हरकत नाही, मात्र नाकारण्याचे कारण लेखी द्यावे आणि ते विधिमंडळापुढे ठेवावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. येत्या अर्थसंकल्पात तरतूद केली तर पुढच्या सांख्यिकी दिनापर्यंत पहिला आढावा हाती येऊ शकतो.