पट्टा वाचवायचा तर दवाखान्याचा कायदाही शिकू



मागच्या हंगामात आमच्यातला एक गडी अर्धापूरकडं केळीच्या कामाला गेला होता. घड वाहताना पडला, मांडीचं हाड मोडलं. खाजगी दवाखान्यात नेलं तर म्हणे, आधी पैसे भरा. बायकोनं वनपट्ट्याचा कागद सावकाराकडं ठेवला. वनपट्टा विकता येत नाही, हे आपण सभेत कितीदा सांगितलं! पण आता दोन वर्षं ती जमीन सावकारच पेरणार. मोर्चे काढून मिळवलेली जमीन एका बिलात गेली.

काही जुने कार्यकर्ते म्हणतात, आपली संघटना जमिनीची, दवाखान्याचं आपण कशाला बघायचं? आम्हाला हे पटत नाही.

मुंबईचे वकील आनंद ग्रोव्हर यांचं काम बघा. १९८१ ला त्यांनी आणि इंदिरा जयसिंग यांनी लॉयर्स कलेक्टिव्ह ही संस्था काढली. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्या केसेस घेतल्या. १९८९ ला गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला एचआयव्ही आहे म्हणून ६४ दिवस कोंडून ठेवलं होतं. त्याच्यासाठी ते हायकोर्टात उभे राहिले. तो सुटला, पण कोंडून ठेवायचा कायदा कोर्टानं रद्द केला नाही. म्हणजे निम्मी हारच. तरी ते थांबले नाहीत. १९९७ ला मुंबई हायकोर्टानं सांगितलं की, काम करू शकणाऱ्या मजुराला केवळ एचआयव्हीमुळं काम नाकारता येणार नाही.

पुढं रक्ताच्या कॅन्सरवरच्या ग्लिवेक औषधाची केस आली. नोव्हार्टिस कंपनीचं औषध महिन्याला लाखाच्या वर, इथल्या कंपन्यांचं तेच औषध आठ-दहा हजारांत. ग्रोव्हर कॅन्सर रुग्णांच्या संस्थेकडून लढले आणि १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टानं कंपनीला पेटंट नाकारलं. २०१७ ला एचआयव्ही असलेल्यांच्या हक्काचा कायदा झाला. १९८९ ते २०१७, अठ्ठावीस वर्षं! आपले दावे चार वर्षं पडून राहिले की आपण हात टेकतो.

पण वकील कितीही चांगला असला तरी रात्री दोन वाजता दवाखान्याच्या दारात तो नसतो. तिथं आपणच असतो. म्हणून तीन गोष्टी पाठ पाहिजेत.

पहिली. बंगालमधल्या एका शेतमजुराला रेल्वेतून पडल्यावर एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी परत पाठवलं. १९९६ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, तातडीचा इलाज नाकारणं म्हणजे जगण्याचा हक्क मोडणं. ही केस कोणी लढली? शेतमजुरांच्या संघटनेनं! जुन्या साथींना आमचं हेच उत्तर आहे.

दुसरी. २००६ ला, ज्या वर्षी वनहक्क कायदा आला त्याच वर्षी, मुंबई हायकोर्टाच्या आदेशानं धर्मादाय दवाखान्यांची योजना लागू झाली. ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना फुकट आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिट मागता येत नाही. तक्रार धर्मादाय आयुक्ताकडं करायची.

तिसरी. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात त्याची समिती असते. ही भीक नाही, हक्क आहे.

आमचं म्हणणं एवढंच. प्रत्येक गावच्या वनहक्क समितीनं दोन पोरं-पोरी या कामाला नेमावीत. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार यांच्या झेरॉक्स घरोघर एका पिशवीत तयार ठेवाव्यात. दवाखान्यानं नाही म्हटलं तर लेखी मागा. देत नसतील तर तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव वहीत लिहा. दावा फेटाळला तर आपण लेखी कारण मागतोच ना? तसंच इथं.

आणि पट्ट्याचा कागद सावकाराच्या पेटीत टाकायच्या आधी, रात्र असो की पहाट, समितीला हाक मारा.

जल, जंगल, जमीन आणि जीव, चारही आपलेच!